पिना मारलेली आठ पानं

त्या पुस्तकाची आठ पानं स्टेपलरने बंद केलेली होती. वर दोन पिना, खाली दोन पिना, आणि कोणी फटीतून डोकावू नये म्हणून मधे आणखी एक. पुस्तक लहान मुलांसाठी छापलेलं, लहान मुलांच्या शाळेत आलेलं, आणि त्यातली खरी कामाची पानं लहान मुलांनीच पाहू नयेत अशी व्यवस्था. ही गोष्ट चार-पाच वर्षांपूर्वीची आहे. तिची आठवण आली की आजही माझी कानशिलं तापतात.

वाशीम जिल्ह्यात, केनवडच्या पलीकडे, डांबरी रस्ता सोडून आत गेल्यावर लागणाऱ्या एका गावात माझी शाळा होती. पहिली ते सातवी. सहावी-सातवीला मी विज्ञान आणि मराठी शिकवायचे, आणि ग्रंथालयाचं काम माझ्याकडे होतं. ग्रंथालय म्हणजे ऑफिसातलं एक लोखंडी कपाट. शाळा सुरू झाल्यावर महिनाभरात पुस्तकांचा एक खोका आला. राजा-राणी, ससे-कासवं, थोरांची बालपणं, आणि सगळ्यात खाली हे एक रुंद, पातळ, रंगीत पुस्तक. दहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी. आपलं शरीर कसं वाढतं याबद्दल.

मी ते कपाटापाशी उभी राहूनच वाचून काढलं. घाम का येतो, तोंडावर पुटकुळ्या का येतात, मुलांचा आवाज का बदलतो, केस कुठे कुठे येतात, पाळी म्हणजे काय, ती आल्यावर काय करायचं, मुलांना झोपेत काय होतं आणि त्यात घाबरण्यासारखं काही नसतं ते, कोणी नको तिथे हात लावला तर कोणाला सांगायचं. चित्रं साधी होती, अगदी आपल्याकडच्या मुलामुलींसारखी. एका पानावर एक मुलगी विचारते, "हे मलाच होतंय का?" आणि पुढच्या पानावर तिच्या वर्गातल्या सगळ्या मुली उभ्या असतात. एवढंच चित्र. ते पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी घाईघाईने ते पदराने पुसलं, कारण ऑफिसात शिपाई होता.

पाणी का आलं तेही सांगते. मी अनसिंगला शिकले. आठवीत आमच्या विज्ञानाच्या पुस्तकात असाच एक धडा होता. गुरुजींनी त्याच्या आधीचा धडा तीन दिवस शिकवला, त्याच्या नंतरचा दोन दिवस. त्या धड्यापाशी आल्यावर खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "हा घरी वाचून घ्या." मुलं खाली मान घालून हसली, मुली नुसत्याच खाली मान घालून बसल्या. घरी वाचायची कोणाची हिंमत? वडील समोर बसलेले. मला पाळी आली तेव्हा मी आदल्या दिवशी खाल्लेल्या कच्च्या चिंचेला दोष दिला आणि पुढे दोन वर्षं चिंचेला हात लावला नाही. आईने जुन्या लुगड्याचा तुकडा हातात दिला आणि म्हणाली, "आता पोरायसंगं खेळाले जाऊ नोको." बस. माझ्या शरीराबद्दल मला घरातून मिळालेलं सगळं शिक्षण म्हणजे हे एक वाक्य. तो तुकडा धुऊन दुसऱ्या कपड्याखाली, अंधाऱ्या खोलीत वाळत घालायचा. तो कधी नीट वाळायचाच नाही. मांड्या सोलून निघायच्या आणि मी शाळेत पाय ओढत जायचे. कोणी विचारलं तर सांगायचं, काटा रुतला.

आणि मोठी होऊन, डी.एड. करून, नोकरी लागून मी काय केलं? तेच केलं. सतरा वर्षं मी सातवीच्या पुस्तकात असा भाग आला की, "हा घरी वाचा," म्हणत आले. मी गुरुजींवर रागावते, मुख्याध्यापकांवर रागावते, गावावर रागावते, पण या यादीत माझं नाव आधी घालूनच पुढचं लिहिलं पाहिजे.

आमचे मुख्याध्यापक वाईट माणूस नव्हते. गणित उत्तम शिकवायचे. शाळेच्या आवारातली झाडं त्यांनी स्वतः पाणी घालून जगवली होती. निवृत्तीला तीन वर्षं राहिलेली. आपल्या हातून काही गडबड होऊ नये, एवढी एकच इच्छा. मी ते पुस्तक त्यांना कौतुकाने दाखवायला नेलं. त्यांनी चाळलं, मधल्या पानांवर आले आणि कान लाल झाले.

"मॅडम, पुस्तक चांगलं हाय. पन गाव लहान हाय."

"सर, गाव लहान आहे म्हणून पोरी वाढायच्या थांबतात का?"

"तसं नाई म्हनत मी. उद्या कोनाच्या घरी गेलं, कोन्या बापानं उघडून पायलं, तं तो तुमाले नाई विचारनार, मले विचारन."

पुस्तकाची नोंद झालेली, त्यामुळे फेकता येत नव्हतं. त्यांनी टेबलावरचा स्टेपलर उचलला. खट, खट, खट, खट, खट. माझ्यासमोर. मी उभी होते. मी त्यांचा हात धरला नाही, आवाज चढवला नाही, काही नाही. पुस्तक घेतलं आणि कपाटात ठेवलं. मनात म्हटलं, मुलं बाकीची पानं तरी वाचतील.

सातवीत एक मुलगी होती. बारीक, काटक, खो-खोत शाळेची सगळ्यात चपळ. खांबाजवळ असा सूर मारायची की समोरचा गडी कुठे पळावं तेच विसरायचा. गुडघे कायम खरचटलेले. वाचनाचंही तितकंच वेड. खोक्यातलं प्रत्येक पुस्तक तिला सगळ्यांच्या आधी हवं असायचं. तिचे आई-वडील मजुरीला जायचे. त्यांच्या बौद्ध घरात शिक्षणाला फार मान होता. मुलीची वह्या-पुस्तकं ठेवायला आईने भिंतीत वेगळी फळी ठोकून घेतली होती.

हे पुस्तक तिने नेलं आणि दुसऱ्याच दिवशी परत आणलं.

"मॅडम, ह्या पानायले पिना काहून मारल्या?"

"ती पानं मोठ्या मुलींसाठी आहेत."

"मंग मी केवढी झाली म्हंजे वाचाले भेटन?"

मी हसले. "पळ, खेळायला जा," म्हटलं. ती पळाली. तिने प्रश्न विचारला होता, अगदी सरळ, आणि जिला उत्तर माहीत होतं अशी बाई समोर उभी होती. मी तिला पळवून लावलं.

पाऊस उघडला आणि सोयाबीनची सोंगणी, म्हणजे कापणी, सुरू झाली. वर्गातली उपस्थिती त्या दिवसांत नेहमीच कमी होते. ही मुलगी मात्र शाळेत यायची, पण खेळायला उतरेना. भिंतीला टेकून बसून राहायची. पोट दुखतं म्हणायची. एके दिवशी तिने आपली कंपासपेटी, रंगीत पेन्सिली, खोडरबर, सगळं शेजारच्या मुलीला देऊन टाकलं. मी पाहिलं आणि वर्गाला म्हणाले, "बघा, असं वाटून घ्यायला शिकावं." टाळ्या वाजवायला लावल्या मी. ती मुलगी माझ्याकडे अशी पाहत होती, की आज आठवलं तरी मला कुठे तोंड लपवावं कळत नाही.

त्यानंतर ती शाळेत आलीच नाही. एक आठवडा झाला, दुसरा सुरू झाला. एका संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. आई-वडील सोंगणीवरून यायचे होते. ती अंगणात बाजेवर अंगाभोवती गोधडी घेऊन बसली होती. अंगात ताप होता. मी शेजारी बसले. काय होतंय विचारलं तर बोलेना. मग मी माझी शाळेतली भाषा सोडून तिच्या भाषेत, म्हणजे माझ्याच घरच्या भाषेत विचारलं, "बाई, काय होऊन राह्यलं तुले? मले सांग. मी कोनाले नाई सांगनार."

ती म्हणाली, "मॅडम, मी मरून राह्यली."

मग हळूहळू सगळं निघालं. दोन महिन्यांपूर्वी खेळताना तिने सूर मारला, जोरात पडली, आणि घरी आल्यावर कपड्याला रक्त दिसलं. तिला वाटलं, पोटात काहीतरी फुटलं. आईला सांगितलं तर खेळ बंद होईल, दवाखाना मागे लागेल, वडील आईला बोलतील. ती गप्प बसली. रक्त थांबलं. पुढच्या महिन्यात पुन्हा आलं. आता तिला खात्री पटली, की आतलं भरून आलेलं नाही आणि आपण काही वाचत नाही. कपडा घेतला तर आईला कळेल, म्हणून तिने वह्यांची पानं फाडून वापरली. जुन्या वह्या संपल्यावर खताच्या पोत्याचा तुकडा. "कागद आधी चुरगळून मऊ करत होती मी," ती म्हणाली. जशी एखादी युक्ती सांगावी तसं. कातडी सोलून जखमा झाल्या होत्या, त्या चिघळल्या होत्या, त्यातून ताप. आणि कंपासपेटी तिने दिली, कारण मेल्यावर ती वाया जाऊ नये.

मी तिला जवळ घेतलं. सांगितलं, काही फुटलेलं नाही, तू मरत नाहीस, हे मला होतं, तुझ्या आईला होतं, जगातल्या सगळ्या बायांना होतं. दोन-चार वाक्यं. बोलायला अर्धं मिनिट लागलं असेल. ते अर्धं मिनिट आम्ही त्या लेकराला दोन महिने दिलं नव्हतं. तिने मला फक्त एकच विचारलं, "तुमाले बी?" मी हो म्हटल्यावर ती इतकी रडली की शेजारची बाई कुंपणावरून डोकावली.

तिची आई आली तेव्हा अंधारून आलं होतं. हातात विळा, डोक्याला बांधलेला रुमाल, पायाला माती. मुलीला विचारून मी सगळं सांगितलं. ती होती तिथेच, उंबऱ्यात खाली बसली. बराच वेळ विळ्याच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिली. मग म्हणाली, "मले वाटलं, शाळेत सांगत असतीन. तुमी शिकेल हाय. आमच्या घरात त्या दिवसात बाजूले बसवाचं, शिवाचं नाई, असं कोनी पाळत नाई मॅडम. आमी थे सगळं सोडलं. पन बोलत बी नाई. बोलाचं कसं, थेच माईत नाई."

"मला वाटलं, घरी सांगतील," मी म्हणाले.

विळा बाजूला ठेवून ती म्हणाली, "म्हंजे तुमी आमच्या भरोशावर आन् आमी तुमच्या. मंग पोट्टी कोनाच्या भरोशावर होती?"

मला राग यायला हवा होता आणि तो यायला इतकी वर्षं लागली, याचीच त्या उंबऱ्याशी मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी मिळून तिला रिसोडला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तपासलं, मलम दिलं, गोळ्या दिल्या, रक्त कमी आहे म्हणाल्या. हात धुता धुता माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हिला वेळेवर कोणी दोन वाक्यं सांगितली असती, तर हिला माझ्याकडे यावंच लागलं नसतं." त्यांना मी शिक्षिका आहे हे माहीत नव्हतं. मी सांगितलंही नाही.

शाळेत येऊन मी कपाट उघडलं. त्याच कपाटात वरच्या खणात मुलींसाठी आलेल्या पॅडची पाकिटं होती, मागच्या वर्षापासूनची. वाटायची कोणी आणि कशी, या विचारात तशीच राहिलेली. मी कात्रीच्या टोकाने पुस्तकाच्या पिना उचकटल्या. पाचही. पानांना भोकं पडली, एक कोपरा फाटला. मुख्याध्यापक समोरच बसले होते. मी त्यांना फक्त एवढंच सांगितलं, की आपल्या सातवीतल्या मुलीने पाळीच्या दिवसांत वहीचे कागद वापरले. ते हजेरीपट उघडून बसले, पण पान उलटत नव्हते.

सहावी-सातवीची मुलंमुली मी एकत्र व्हरांड्यात बसवली आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पुस्तक मोठ्याने वाचलं. सुरुवातीला मुलं एकमेकांना कोपरं मारत होती. तिसऱ्या-चौथ्या पानाला हसू थांबलं. मग मान वर करून ऐकायला लागली. एका मुलाने हात वर केला. "मॅडम, आवाज फाटला तं परत जुळते का?" सगळे हसले, मीही हसले आणि सांगितलं, की जुळतो, पण दुसराच आवाज म्हणून जुळतो. दुसऱ्याने विचारलं, "पोरींले दुखते का थ्या दिवसात?" मी म्हटलं, दुखतं. तो म्हणाला, "मंग त्यायले पानी भराले काहून लावते?" बारा वर्षांच्या पोराला जे सुचलं ते आमच्या गावात किती मोठ्या माणसांना सुचलं असेल? ज्यांना विचारायची लाज वाटत होती त्यांच्यासाठी मी खडूचा रिकामा डबा ठेवला, चिठ्ठ्या टाकायला. संध्याकाळपर्यंत तो भरला.

चार दिवसांनी शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष शाळेत आले. गावातले मोठे शेतकरी, दोन मुलं आमच्याच शाळेत. मोबाइल माझ्यासमोर धरला. कोणीतरी पुस्तकातल्या एका पानाचा फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला होता. फक्त चित्राचा. खालचा मजकूर कापून.

"मॅडम, हे काय शिकवून राह्यल्या तुमी? पोरं बिघडाले वेळ लागते का?"

ज्या ग्रुपवर तो फोटो फिरत होता, त्याच ग्रुपवरच्या माणसांच्या मोबाइलमध्ये काय काय असतं ते गावातल्या पोरांना चांगलं माहीत होतं, कारण बाप झोपला की मोबाइल पोरांच्याच हातात असतो. त्यावर कोणाची समिती बसत नाही. चिठ्ठ्यांच्या डब्यात मला जे प्रश्न मिळाले होते त्यातले निम्मे त्या मोबाइलमधून आले होते. घाण पाहायला मुलांना कोणाची परवानगी लागत नाही. खरं आणि स्वच्छ काही वाचायचं म्हटलं, की गावाची अब्रू आडवी येते. हे मी अध्यक्षांना त्याच शब्दांत सांगितलं. ते चिडून गेले. वरच्या ऑफिसातून माझ्याकडे लेखी खुलासा मागण्यात आला. पुस्तक शाळेला शासनाच्याच खोक्यातून आलेलं आणि ते वाचलं म्हणून खुलासा द्यायचा मी! मी दोन पानं लिहिली. शेवटी लिहिलं, की हे पुस्तक मी वाचलं याबद्दल मला काही सांगायचं नाही. ते आधी का वाचलं नाही याचा खुलासा मात्र माझ्याकडे नाही. त्याला आजतागायत उत्तर आलेलं नाही.

मग पालकसभा बोलावली. सभेच्या आदल्या संध्याकाळी त्या मुलीची आई माझ्याकडे आली. म्हणाली, "मी बोलनार हाय. पोरीले विचारलं. थे म्हने, सांग माय, पन मी तिथं नाई राह्यनार."

सभेला पुरुष खुर्च्यांवर, बाया व्हरांड्याच्या कडेला सतरंजीवर. अध्यक्ष बोलले. संस्कृती, संस्कार, कोवळी मनं. पुस्तक परत पाठवावं असा ठराव घ्यावा म्हणाले. मी उठले आणि म्हटलं, ठराव घ्यायच्या आधी पुस्तकात काय आहे ते तर ऐका. मी पान उघडलं.

"वाचू नका, वाचू नका," खुर्चीवरून एक जण म्हणाला, "बाया बसल्या हाय."

सतरंजीवरून त्या मुलीची आई उभी राहिली. "बाया बसल्या हाय म्हनूनच वाचा."

सगळे वळले. तिचा आवाज मोठा नव्हता. "माह्या पोरीनं दोन महिने वहीचे कागद लावले. तिले वाटलं, थे मरून राह्यली. तिनं तिची पेटी वाटून टाकली. मी माय असून मले माईत नोतं. हे पुस्तक शाळेत होतं. त्याले पिना मारेल होत्या. मले वाचता येत नाई, पन मले सांगा, पिना मारनाराची पोरगी असती तं त्यानं मारल्या असत्या का?"

मग सतरंजीवरच्या एका म्हाताऱ्या बाईने पदर सावरला आणि मला म्हणाली, "वाच व बाई तू." मी वाचलं. सगळी आठ पानं. पुरुषांतले काही उठून गेले, काही जमिनीकडे पाहत बसले. बायांपैकी एकही हलली नाही. वाचून झाल्यावर एकीने विचारलं, "हे इतकं सोपं होतं तं आमाले कोनं काहून नाई सांगतलं?"

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण ठराव झालाच. अर्धा इकडे, अर्धा तिकडे. पुस्तक शाळेत राहील, मुलींची पानं फक्त मुलींनी वाचावीत, आणि मुलांची पानं तूर्त बंद ठेवावीत. म्हणजे पिना इथून काढून तिथे मारायच्या! एवढं ऐकून, ती बाई एवढं बोलून, शेवटी यांना पुन्हा स्टेपलरच आठवला. माझी सहमती नाही असं मी इतिवृत्तात लिहायला लावलं.

सगळे गेल्यावर मुख्याध्यापकांनी ड्रॉवरमधून स्टेपलर काढून माझ्यापुढे ठेवला. "हा तुमी घेऊन जा, मॅडम. मी आता नाई मारनार." मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "माही पोरगी लग्न होऊन दोन लेकरायची माय झाली. तिले हे कोनं सांगतलं असन, मले आजलोक माईत नाई. मी कदी विचारलंच नाई." ठराव कागदावर राहिला. पुस्तक उघडंच राहिलं. मुलांनी वाचलं, मुलींनी वाचलं, काहींच्या घरी गेलं, एकदा एका घरून हळदीचे डाग लागून आलं. मी ते डाग पुसले नाहीत. पुस्तक स्वयंपाकघरात कोणीतरी वाचलं होतं.

ती मुलगी दिवाळीनंतर शाळेत आली. डिसेंबरात खो-खोच्या मैदानात उतरली. आज ती वाशीमला शिकते. हे लिहायच्या आधी मी तिला फोन करून विचारलं, की कागदाचं लिहू का? ती म्हणाली, "लिहा मॅडम. थेच लिहा. बाकीचं नाई लिहिलं तरी चालन."

माझी बदली झाली. आता मी जऊळक्याच्या बाजूला आहे. नव्या शाळेच्या कपाटात तसं पुस्तक नाही. गेल्या महिन्यात सुट्टीच्या दिवशी मी वाशीमला पुस्तकांच्या दुकानात गेले. मुलांसाठी शरीराबद्दलचं, वाढण्याबद्दलचं काही मराठीत आहे का विचारलं. दुकानदाराने मला स्पर्धा परीक्षा दाखवल्या, संस्कारकथा दाखवल्या, प्राण्यांची चित्रं दाखवली. मग भिंतीवर लावायचा मानवी शरीराचा तक्ता काढला. हृदय, फुप्फुसं, आतडी, सगळं रंगीत. कमरेखाली एकदम मांड्या.

"मधलं कुठे गेलं?" मी विचारलं.

तो ओशाळून हसला. "असंच येते मॅडम. आन् तसलं पुस्तक कोनी मागत नाई."

"मी मागतेय," मी म्हटलं. "लिहून घ्या. वीस प्रती."

त्याने कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. तीन आठवड्यांनी मी पुन्हा गेले. अजून आली नाहीत म्हणाला. तोवर दर शनिवारी शाळा सुटायच्या आधी अर्धा तास मी सहावी-सातवीला एकत्र बसवते आणि पुस्तकाशिवाय, मला आठवतं तसं, तोंडी सांगते. मागच्या शनिवारी नव्या मुख्याध्यापकांनी दारातून डोकावून विचारलं, हे अभ्यासक्रमात आहे का? मी म्हटलं, आत या सर, बसा आणि ऐका. ते दारातच उभे राहिले. मी बोलत राहिले.